झरीच्या तळ्यांतील यंत्रनौका

मुंबईहून उत्तरेकडे जाणारी गाडी डहाणू सोडून पुढें निघाली, म्हणजे डाव्या हातास समुद्राची चाहूल आणि उजव्या हातास डोंगरांची निळी रेघ अशी प्रवाशाची सोबत होते. घोलवड व बोर्डी रोड हीं स्थानकें मागें पडलीं कीं महाराष्ट्राची हद्द संपते. या सरहद्दीच्या कडेला, पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यांत, झरी नांवाचें गांव आहे. बोर्डीस लोक समुद्राची हवा खाण्यासाठीं जातात. घोलवडास चिकूच्या वाड्या पाहण्यासाठीं जातात. हद्दीपलीकडे संजाणास पारशी बांधव आपल्या पूर्वजांच्या स्मरणार्थ उभारलेल्या स्तंभाच्या दर्शनास जातात. झरीचें नांव मात्र प्रवासवर्णनांतून क्वचितच आढळतें. आम्ही गेल्या दिवाळीच्या सुटींत तेथें अकरा दिवस राहिलों, तें एक लहानशी यंत्रनौका बांधण्यासाठीं. ती नौका आमच्या सहा वर्षांच्या नातवासाठीं होती.

कार्तिकाचे दिवस होते. भातें कापून खळ्यावर आलीं होतीं, आणि शेताशेतांच्या बांधांवर ताड उभे होते. गांवांत आतां पत्र्याचीं व सिमेंटचीं घरें पुष्कळ झालीं आहेत. तथापि कारवीच्या कुडाचीं, शेणानें सारवलेलीं घरें अजून दिसतात, आणि ज्या घरीं लग्नकार्य झालें असेल त्याच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें काढलेला चौक दिसतो. वस्ती मुख्यतः वारली समाजाची. मुंबईहून अहमदाबादेस जाणारा हमरस्ता तलासरीवरून धांवतो. परंतु त्याची घरघर येथपर्यंत पोंचत नाहीं.

आतां नौकेचें कारण सांगतों. आमच्या घरीं तीन पिढ्या एकत्र नांदतात. नातू गेल्या वर्षीं मुंबईच्या गेटवेपासून लाँचनें घारापुरीस जाऊन आला, तेव्हांपासून ‘मला माझी मोटारबोट पाहिजे’ हा एकच ध्यास त्यानें घेतला. धाकट्या बंधूंचें मत पडलें कीं, बाजारांतून हवा भरावयाची रबरी होडी आणून द्यावी व विषय संपवावा. सौभाग्यवतींचें मत, विषय काढूंच नये. सूनबाईंनीं मात्र शांतपणें विचार करून आमच्यापुढें तीन अटी ठेवल्या. पहिली, मुलानें आधीं पाण्यावर उताणें तरंगावयास शिकलें पाहिजे. दुसरी, नौका कांठोकांठ पाण्यानें भरली तरी बुडतां कामा नये, आणि तें त्यांना डोळ्यांनीं दाखविलें पाहिजे. तिसरी, नौकेचा वेग आमच्या चालण्याच्या वेगापेक्षां अधिक असूं नये. शिक्षकाच्या पेशांत सारा जन्म घालवूनही इतकी नेमकी प्रश्नपत्रिका आम्हीं पाहिली नव्हती!

पहिली अट उन्हाळ्यांतच पुरी झाली. नातू दोन महिने पोहण्याच्या तलावांत जाऊन पाण्याची भीति विसरला. उरलेल्या दोहोंसाठीं जागा हवी होती. आमचे एक जुने विद्यार्थी झरीचे राहणारे. ते वारली समाजांतले. आतां स्वतः प्राथमिक शिक्षक आहेत. त्यांच्या वडिलोपार्जित शेतांत मातीचें एक तळें आहे आणि त्यांचे चुलते सुतारकाम करतात. त्यांनीं कळविलें, “गुरुजी, बाळाला घेऊन या. लांकूड तुम्ही आणा, पाणी आमच्याकडे आहे.”

‘यंत्रनौका’ हा शब्द आम्हीं योजला, त्याचें बीज महाभारतांत आहे. लाक्षागृहांतून सुटलेल्या पांडवांना गंगा उतरण्यासाठीं विदुरानें जी नाव पाठविली, तिला आदिपर्वांत ‘यंत्रयुक्त’ असें विशेषण आहे. यावरून त्या काळीं मोटारबोटी होत्या असें कांहीं उत्साही मंडळी म्हणतात. तें आम्हांस मान्य नाहीं. ‘यम्’ म्हणजे आवरणें, ताब्यांत ठेवणें, या धातूपासून ‘यंत्र’ शब्द झाला आहे. दोर, कप्पी, डोलकाठी, सुकाणूं, ज्याच्या योगें वस्तु आवरतां येते तें सर्व संस्कृतांत यंत्रच. मुलासाठीं नौका करणारानें हा धात्वर्थ ध्यानांत ठेवावा. नौका धांवेल कशी याची चिंता मूल करतेंच. ती आवरेल कशी याची चिंता वडिलांनीं करावी.

भोजराजाच्या नांवावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या ग्रंथांत नौकांचे प्रकार मापांसह दिले आहेत. त्यांतील सर्वांत लहान जी ‘क्षुद्रा’, ती सोळा हात लांब व चार हात रुंद. आमची नौका चार हात लांब, म्हणजे क्षुद्रेच्याही पावपट! त्याच ग्रंथांत असें सांगितलें आहे कीं, समुद्रांत जाणाऱ्या नौकेच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत, कारण लोहचुंबकाचे खडक तिला ओढून घेतील. चुंबकाच्या खडकांची भीति आज कोणासच नाहीं. परंतु लोखंडी खिळा पाण्यांत गंजतो, गंजला कीं भोंवतालचें लांकूड कुजतें, आणि फळी सुटते. म्हणून आम्हींही लोखंड टाळून पितळी स्क्रू वापरले.

घरच्या घरीं यंत्राची नौका करण्याचा आमचा हा उद्योग पाहून कोणी हंसेल. परंतु त्यास चांगला पूर्वाधार आहे, आणि तोही याच किनाऱ्याच्या इतिहासाशीं जोडलेला आहे. पारशी लोकांचे पूर्वज इराणांतून निघून गलबतांनीं संजाणास उतरले, अशी कथा १५९९ सालीं रचलेल्या ‘किस्सा-इ-संजान’ या फारसी काव्यांत आहे. त्याच समाजांतील वाडिया घराण्यानें पुढें मुंबईच्या गोदींत पिढ्यान्‌पिढ्या जहाजें बांधलीं. वाफेच्या पहिल्या आगबोटींना पाण्याखालचा पंखा नसे. त्यांना पाणी कापणारीं मोठीं चाकें असत. १८२९ सालीं मुंबईस बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही अशीच चाकाची आगबोट. ती १८३० सालीं सुएझपर्यंत जाऊन आली. याच वाडिया घराण्यांतले अर्देशर कर्सेटजी यांनीं तरुणपणीं स्वतःच्या हातानें एका अश्वशक्तीचें वाफेचें यंत्र घडवून घरच्या विहिरीचें पाणी कारंज्यास चढविलें, आणि १८३३ सालीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, विलायतेहून आणविलेलें यंत्र ‘इंडस’ नांवाच्या आपल्या लहान जहाजावर बसविलें. १८४१ सालीं ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. सांगावयाचें तें इतकेंच कीं, विहिरीवरच्या कारंज्यापासून आरंभ करणारा मनुष्यच पुढें समुद्रावर गेला.

झरीस पोंचल्यावर पहिल्याच सकाळीं आमच्या विद्यार्थ्याचे चुलते आले. त्यांनीं प्लायवूडचे तक्ते बोटांनीं ठोकून पाहिले, आमचा कागदावरचा आराखडा उलटासुलटा करून पाहिला, आणि म्हणाले, “काम होईल, गुरुजी. पण रोज किती तें आधीं बोलूं, मग करवत लावूं.” रोज ठरला. पुढें रोज सायंकाळीं तो नातवाच्या हातानें त्यांस दिला जाई, आणि ते तो मोजून घेत. शहरांतल्या एखाद्या पाहुण्यास हा रोखठोकपणा कदाचित् खटकला असता. आम्हांस तो अत्यंत शोभून दिसला. कारण आपण कोणत्या गांवांत बसलों आहों, याची आम्हांस जाणीव होती.

२३ मे १९४५ रोजीं याच झरी गांवीं किसान सभेच्या परिषदेसाठीं सुमारें पांच हजार वारली जमले होते. त्या वेळीं हें गांव ठाणें जिल्ह्याच्या उंबरगांव तालुक्यांत होतें. जमीनदाराच्या शेतावर पोटाला पुरेसें न देतां राबवून घेणें, हांक मारली कीं फुकट वेठीस धरणें, आणि लग्नापुरतें कर्ज देऊन त्याच्या फेडीसाठीं नवराबायकोस आयुष्यभर ‘लग्नगडी’ म्हणून बांधून ठेवणें, अशी त्या काळची रीत होती. आतां वेठ करावयाची नाहीं, असा निश्चय त्या दिवशीं येथें झाला. श्यामराव परुळेकर व गोदावरीबाई परुळेकर हे या चळवळीचे पुढारी होते. गोदावरीबाई पुण्याच्या गोखले घराण्यांतल्या, कायद्याच्या पदवीधर. त्यांनीं डोंगरपाड्यांत राहून पाहिलेलें ‘जेव्हां माणूस जागा होतो’ या पुस्तकांत लिहिलें आहे, आणि त्यास १९७२ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. निश्चयाची किंमतही द्यावी लागली. त्याच वर्षीं गवतकापणीच्या हंगामांत पांचशें पौंड गवतास अडीच रुपये दर मागण्यांत आला, आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाडा येथें जमलेल्या लोकांवर पोलिसांचा गोळीबार होऊन पांच जण ठार झाले. १९६० सालीं भाषावार राज्यें झालीं तेव्हां उंबरगांव गुजराथेंत गेलें व झरी महाराष्ट्रांत राहिली. १ ऑगस्ट २०१४ पासून ती पालघर जिल्ह्यांत आहे. आमच्या विद्यार्थ्याचे आजोबा त्या परिषदेस हजर होते. ते नातवंडांस एवढेंच सांगत असत कीं, “त्या दिवसापर्यंत ‘नाहीं’ हा शब्द आम्ही घरच्या बैलालाच म्हणत होतों.”

ज्या भूमींत हा निश्चय झाला, तेथें एका शहरी मुलाचा हट्ट दुसऱ्याच्या अर्ध्या मजुरीवर पुरविणें आम्हांस शोभलें नसतें. परंतु केवळ पुरी मजुरी दिल्यानें काम भागतें असेंही नाहीं. वस्तु जर मुलाची, तर तिच्यांत त्याच्या हाताचा कांहीं अंश असावयास हवा. या बाबतींतही येथूनच धडा मिळतो, आणि योगायोग असा कीं तोही १९४५ सालचाच. त्या वर्षाच्या डिसेंबरांत ताराबाई मोडक यांनीं जवळच बोर्डी येथें ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलें. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. पुढें हें केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेलें. माँटेसोरीबाईंचीं महागडीं साधनें खेड्यांत परवडत नाहींत हें पाहून या दोघींनीं शिंपले, बिया, काटक्या, पानें यांतून मुलांची साधनें उभीं केलीं. मुलें शाळेंत येत नाहींत तर अंगणांत शाळा भरविली, आणि गुरें राखणाऱ्या पोरांसाठीं कुरणांत शाळा नेली. लहान मूल डोळ्यांपेक्षां हातांनीं अधिक शिकतें, हें आम्हीं अध्यापनाच्या पुस्तकांत वाचलें होतें. या दोघींनीं तें याच मुलुखांत करून दाखविलें.

तेव्हां कामाची वांटणी झाली. करवत, रंधा व गिरमिट चुलत्यांकडे. आंखणी, हिशेब व मोटारीची जोडणी आमच्याकडे. सुतळीचें टोंक धरणें, पेन्सिलीच्या खुणा करणें, स्क्रू मोजून देणें, फळ्यांच्या कडा सॅंडपेपरनें घासणें, आणि रंगाचा पहिला हात देणें हें नातवाकडे. तिसऱ्या दिवशीं त्याच्या तळहातास फोड आला. सूनबाईंनीं तो पाहिला, हळद लावली, आणि कांहीं बोलल्या नाहींत.

नौकेचा घाट अगदीं साधा, दुधाच्या खोक्यासारखा, फक्त पुढची बाजू वर उचललेली. पाण्यांत टिकणारें सहा मिलिमीटर जाडीचें मरीन प्लायवूड. दीड तक्ता पुरला. एकूण लांबी १८० सेंटिमीटर, रुंदी ७०, बाजूंची उंची ३०. तळ १४० सेंटिमीटर सपाट, पुढचा भाग चढता. आंतल्या कोपऱ्यांतून सागाच्या पट्ट्या, सांध्यांत इपॉक्सीचा लेप. जुने कारागीर सांध्यांत कापूस कोंबून राळ व तेल भरीत. लेप नवा, पण तत्त्व तेंच, कीं पाण्यानें शिरावयाची वाट धरण्यापूर्वीं आपण ती अडवावी.

आतां नातवास समजेल असा हिशेब आम्हांस सांपडला, तो इतर घरांतही उपयोगीं पडेल म्हणून देतों. तळ १४० गुणिले ७०, म्हणजे जवळजवळ दहा हजार चौरस सेंटिमीटर. नौका एक सेंटिमीटर पाण्यांत गेली कीं ती दहा हजार घनसेंटिमीटर, अर्थात् दहा लिटर पाणी बाजूला सारते. आणि दहा लिटर पाण्याचें वजन दहा किलो. घरांतली लहान बादली दहा लिटरची असते, आणि सहा वर्षांच्या मुलाच्या बोटाची रुंदी सुमारें एक सेंटिमीटर असते. यावरून नियम झाला: एक बोट बोट बुडाली, कीं तिच्यावर एक बादली ओझें आहे. या वाक्यावर आमचा नातू अर्धा दिवस हंसत होता. परंतु नियम त्याच्या मनांत जो ठसला तो कायमचा. मोकळी नौका वीस किलो, म्हणजे दोन बोटें. नातू अठरा किलो, म्हणजे दोन बोटांना थोडा कमी. मोटार, चाक, बॅटरी मिळून सात किलो. सर्व मिळून साडेचार बोटें पाण्यांत, आणि पंचवीस बोटें पाण्यावर.

बसावयाची फळी आम्हीं मुद्दाम तळाला लागून ठेवली. ओझें जितकें खालीं तितकी नौका स्थिर; आणि उंच बांकावर बसलेलें मूल उभें राहावयास फार उतावीळ असतें. नाळेच्या पोटांत व मागच्या दोन्ही कोपऱ्यांत पांच लिटरचे रिकामे, झांकण पक्कें बंद केलेले तेलाचे चार डबे बांधून टाकले. ओझ्याच्या हिशेबांत हे डबे कोठेंच दिसत नाहींत, पण नौका पाण्यानें भरली म्हणजे तेच तिला धरून ठेवतात.

यंत्रासाठीं आम्हीं पाण्याखालचा पंखा पत्करला नाहीं. पंखा दिसत नाहीं, आणि जें दिसत नाहीं त्याजवळ मुलाचें पाऊल केव्हां जाईल याचा नेम नाहीं. ‘ह्यू लिंडसे’ला चाक चालत होतें, तें आम्हांस कां चालूं नये? नातवाची पहिली सायकल आतां त्याला अपुरी झाली होती. तिचें मागचें चाक काढून त्यावर लांकडाचीं आठ पातीं बसविलीं. पात्यांच्या टोंकापासून टोंकापर्यंत व्यास चाळीस सेंटिमीटर. भंगारबाजारांतून आणलेली मोटारगाडीच्या वायपरची मोटार त्याच्या आंसास जोडली. ही मोटार बारा व्होल्टवर चालते. तिच्या आंत मळसूत्री दांत्यांची जोडणी असल्यामुळें ती सावकाश पण जोरानें फिरते. शक्ति बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांच्या लहान बॅटरीची. बॅटरी बंद डब्यांत, मध्यभागीं पक्की. तिच्यापासून निघणाऱ्या तारेंत पहिल्या वितीवरच दहा अँपिअरचा फ्यूज. चाकाभोंवतीं जाळी. आणि सर्वांत महत्त्वाचें, कळ ही दाराच्या घंटीसारखी. दाबून धरली तर चाक फिरतें, बोट उचललें कीं तत्क्षणीं थांबतें. मूल घाबरलें, पडलें, किंवा कोणी हांक मारली म्हणून वळलें, तरी यंत्र आपोआप आवरतें. ‘यम्’ धातु येथें प्रत्यक्ष झाला.

वेगाचा हिशेब असा. चाकाचा परीघ सव्वा मीटर, मिनिटास सुमारें पन्नास फेरे. पाणी जर जमिनीसारखें घट्ट असतें तर नौका मिनिटास बासष्ट-त्रेसष्ट मीटर गेली असती. परंतु पाणी मागें सरतें, म्हणून प्रत्यक्षांत निम्माच पल्ला पडतो. चाळीस मीटरांचें तें तळें ओलांडावयास नौकेस सव्वा मिनिट लागलें. आम्ही कांठानें दोर धरून चाललों, आणि दोन वेळां आम्हांसच तिच्यासाठीं थांबावें लागलें. तिसरी अट पुरी झाली.

दुसऱ्या अटीची परीक्षा त्याआधीं घेतली होती. नौका पाण्यांत सोडून तींत नातवाच्या वजनाइतकें वाळूचें पोतें ठेवलें, आणि मुलांकडून बादल्या ओतविल्या. पाणी आंत चढत गेलें, बाजूच्या कडा पाण्याच्या रेषेपर्यंत आल्या, आणि तेथेंच थांबल्या. मग चुलत्यांनीं पाण्यांत उतरून नौका दोन्ही हातांनीं खालीं दाबली. ती पुन्हां वर आली. सूनबाई कांठावर उभ्या होत्या. त्यांनीं एकदां स्वतः उतरून नौका दाबून पाहिली, आणि म्हणाल्या, “ठीक आहे. आतां बाळाचा पट्टा मी बांधतें.” पट्टा म्हणजे तरंगण्याचें जाकीट; त्याचा एक बंद पायांमधून घेतलेला असावा, नाहींतर पाण्यांत जाकीट वर सरकतें व मूल खालीं निसटतें.

तळ्याविषयीं येथें दोन शब्द लिहिणें आमचें कर्तव्य आहे. हल्लीं गांवोगांव शेततळीं झालीं आहेत, आणि पाणी मुरूं नये म्हणून त्यांस प्लॅस्टिकचें अस्तर घालतात. शेतीस तीं वरदान आहेत. मुलांस तीं सापळा आहेत. उतार तीव्र, त्यावर शेवाळाचा बुळबुळीत थर. पाय घसरलेला मनुष्य पोहणारा असला तरी त्यास वर चढतां येत नाहीं, हाताला धरावयास कांहींच सांपडत नाहीं. अशा तळ्यांत मुलाची नौका कधींही सोडूं नये. आणि ज्यांच्या शेतांत असें तळें असेल त्यांनीं नौका असो वा नसो, कांठाला पक्का खुंट रोवून गांठी मारलेले दोर पाण्यांत सोडून ठेवावे व कुंपण घालावें. झरीचें तळें मातीचें, एका बाजूनें गुरें उतरतात इतकें सावकाश उतरतें. त्यांतही आम्हीं मुलाच्या छातीइतक्या पाण्याच्या पलीकडे बांबू रोवून दोर बांधला होता, आणि एक पोहणारा मोठा मनुष्य सदैव पाण्यांत उभा असे. नदी, खाडी व समुद्र यांचा तर विचारच नको. तेथें भरतीओहोटी आहे, ओढ आहे, आणि सार्वजनिक पाण्यांत यांत्रिक नौका चालविण्यास २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम व सरकारी नियमही आहेत.

अकराव्या दिवशीं नौका सुटली. नारळ फोडला, चुलत्यांनीं नाळेस कुंकू लावलें. पाड्यावरचीं दहाबारा मुलें कांठावर जमलीं होतीं. नातवानें कळ दाबली, चाकानें फटफट पाणी उडविलें, आणि ती क्षुद्रेहूनही क्षुद्र नौका निघाली. पहिला फेरा झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. मुलें नुसतीं पाहत होतीं. कोणी मागितलें नाहीं. तेव्हां आम्हीं नातवास उतरावयास सांगितलें. तो म्हणाला, “पण नाव माझी आहे! मी घासली आहे.” तें खरें होतें, आणि आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. चुलते पाण्यांत उभे होते. ते हंसून म्हणाले, “बाळा, नाव तुझी. तूं घाम गाळलास. पण पाणी आमचें आहे ना?”

मूल विचारांत पडलें. मोठ्या माणसांच्या वादांत असा विचार फार उशिरां होतो. थोड्या वेळानें तो उतरला, पट्टा सोडून दुसऱ्या मुलाच्या हातीं दिला, आणि खडूचा तुकडा घेऊन कांठावर बसला. प्रत्येक मूल नौकेंत बसलें कीं तो तिच्या बाजूवर बोटें लावून ओझें मोजी व रेघ ओढी. बॅटरी अर्ध्या तासांतच दमवावयाची नाहीं, म्हणून प्रत्येकास एक फेरा, असा नियम मुलांनींच केला. शेवटीं बॅटरी मंदावली, तेव्हां एका मुलीनें बांबू घेऊन नौका ढकलावयास आरंभ केला, आणि ती यंत्रापेक्षां लौकर पलीकडे गेली. मुलें आरडाओरड करूं लागलीं. यंत्रनौकेच्या शिल्पकारांस त्याचें वाईट वाटावयास हवें होतें. आम्ही मात्र मनांत म्हटलें, नौका चांगली झाली आहे. यंत्र थांबलें तरी जी चालते, तीच खरी नौका.

निघतांना मोटार, बॅटरी व फ्यूज आम्हीं सोडवून बरोबर घेतलीं; नातवास तीं घरीं उलगडून पाहावयाचीं होतीं. नौका झरीसच ठेवली. तिला वर्षांतून एकदां रंगाचा हात लागेल, सांधे पाहावे लागतील, आणि उन्हाळ्यांत ती सावलींत ठेवावी लागेल; तें सर्व आमच्या विद्यार्थ्यानें पत्करलें आहे. पट्टा बांधल्याशिवाय व मोठा मनुष्य असल्याशिवाय कोणासही तींत बसूं द्यावयाचें नाहीं, एवढें आम्हीं त्यांच्याकडून वचन घेतलें आहे. नुकतेंच त्यांचें पत्र आलें. तळें आटत चाललें, म्हणून मुलांनीं नौका वर ओढून आंब्याखालीं दगडांवर उपडी घातली आहे. बाजूवरच्या खडूच्या रेघा पुसूं नयेत म्हणून त्यांनीं त्यांवर गेरू फिरविला आहे, आणि पावसाळा संपल्यावर कोण किती बोटें वाढला तें पुन्हां मोजावयाचें ठरविलें आहे. नातवास तें पत्र वाचून दाखविलें, तेव्हांपासून तो दोन वेळां पोटभर जेवतो आहे.